अंग धरलेला पोरगा

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहते. सांगवीपासून चाकणपर्यंत पोरं उभी राहतील, पण तिथं बसणार नाहीत. बसायला जागाच उरत नाही. "राव, तुम्ही दोघांचं काम करता, मग सीटही दोन लागणारच!" असं कुणी म्हणालं की सगळ्यांच्या आधी मीच हसतो. हसून झालं की खिडकीकडे तोंड करतो.

माझ्या या पोटाचा अभिमान असलेला जगात एकच माणूस, माझे वडील. लातूरकडच्या गावात त्यांनी उपाशी दिवस काढले. मी कंपनीत लागलो, अंगानं सुटत गेलो, तसे ते गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला मला दाखवू लागले. "बघा, आता अंग धरलंय!" पाहुण्यांसमोर पोट आत ओढून उभं राहताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

या वर्षी जिना चढताना छातीवर दाब येऊ लागला, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. वडील हट्टानं सोबत आले. वजनकाट्यावर उभा राहिलो, तर पोटाआड आकडाच दिसेना. तो नर्सनं मोठ्यानं वाचला. बाकावरच्या लोकांनी माना वर केल्या. काटा चोरून नेताना सापडलो असतो तरी इतकी लाज वाटली नसती.

डॉक्टरांनी समजावलं. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे; ती लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. साठा भरलाय, आता पुरे, हा त्याचा मेंदूला निरोप. माझ्यासारख्यांच्या अंगात ते भरपूर असतं, पण मेंदू ऐकेनासा होतो आणि भूक हटत नाही. शिवाय वाढलेल्या लेप्टिनचा रक्तदाबाशी आणि रक्तवाहिन्यांच्या सुजेशी संबंध दिसतो. भार शेवटी हृदयावरच. "नेमकं कसं, ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तुमचं हृदय तोवर वाट पाहणार नाही."

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. दोष एकट्या माझ्या जिभेचा नव्हता. पण वडिलांकडे पाहिलं, तर त्यांची मान खाली गेलेली. घरी जेवताना त्यांनी नेहमीसारखी आग्रहाची भाकरी वाढली नाही. मीही मागितली नाही. भूक मात्र होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसची वेळ झाली. सेफ्टी शूजच्या नाड्या बांधायला वाकलं की मला धाप लागते, म्हणून ते काम मी दार लावून करतो. वडील दार ढकलून आत आले आणि माझ्या पायाशी फरशीवर बसून नाड्या बांधू लागले.

"अण्णा, उठा हो. मला लाज वाटतेय."

"थांब की." गाठ मारून झाली तरी त्यांनी वर पाहिलं नाही. "पोटभर खा, एवढंच शिकवलो तुला. पुरे म्हणायचं आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं, लेकरा? आमच्यात आधी भाकरीच सरायची."