अननसाच्या सरबताचा पाहुणचार

माळकरी सासऱ्यांना दारू पाजणारा आमच्या दोन्ही घराण्यांतला मी पहिलाच जावई. दारू विकतची नव्हती, मी स्वतः घरी केलेली होती. आणि पाजली तेव्हा समोर मेव्हण्याच्या होणाऱ्या सासुरवाडीची मंडळी बसलेली होती. (मुद्दाम नाही हो! मला वाटलं, ते सरबत आहे.)

मी मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे आणि राहतो पिंपळे सौदागरला. सासुरवाडी चाकणच्या पलीकडच्या एका गावात. सासरे, म्हणजे अण्णा, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणार. त्यातले सहा बैलांशी. मेव्हणा नितीन याला कायमची नोकरी, बागायती शेती, पक्कं घर, आणि तरी लग्न काही जमत नव्हतं. शेवटी देहूरोडच्या एका रिटायर्ड सुभेदारांच्या मुलीचं, प्राजक्ताचं, स्थळ आलं. कांदेपोहे झाले, दोघं एकमेकांना पसंतही पडले. आता मे महिन्यातल्या एका रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार होते. बेत साधाच. मळ्यात आंब्याच्या झाडाखाली आमरस-पुरी, बटाट्याची भाजी, कुरडया.

अण्णांनी मध्यस्थाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आमच्या घरात दारूचा थेंब चालत न्हाई. त्यांच्यात चालत आसंल तर आत्ताच सांगा." त्यावर सुभेदारांचा निरोप आला, "फौजेत होतो तेव्हा घेत होतो. आता सोडली." तेवढ्यावर गाडी पुढे सरकली होती.

"आपण पन्हं करून नेऊ," माझी बायको वैशाली म्हणाली.

"पन्हं कुणीही करतं," मी म्हणालो. "फौजी माणूस येतोय. काहीतरी वेगळं पाहिजे. ते माझ्याकडे लागलं."

वैशालीने माझ्याकडे असं बघितलं की शहाण्या माणसाने तिथल्या तिथे कैऱ्या उकडायला ठेवल्या असत्या. पण मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता. अननसाच्या साली, गूळ, दालचिनी आणि पाणी एका बरणीत घालायचं, दोन दिवस ठेवायचं, गाळायचं. मस्त फसफसणारं थंडगार पेय तयार! व्हिडिओतली बाई शेवटी म्हणाली, "हवं असेल तर चिमूटभर यीस्ट घाला."

आता क्वालिटीच्या माणसाला 'चिमूटभर' हे माप कळत नाही. मी दोन चमचे घातलं. दोन दिवस सांगितले होते, मी पाच ठेवलं. गूळ तर इतका घातला की वैशालीने वाण्याच्या दुकानातून डबा नव्याने भरून आणला.

बरण्या मी मागच्या बाल्कनीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी वैशाली स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, बाल्कनीत कुणीतरी फुसफुस करतंय!"

"प्रोसेस चालू आहे."

"वास कसला येतोय?"

"अननस आहे. अननसाचा येणार!"

शनिवारी मी ते गाळलं आणि दोन-दोन लिटरच्या सहा प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून टोपणं पक्कडीने आवळली. (गॅस जाऊ नये म्हणून. इतका विचार मी फक्त कंपनीत करतो.) रविवारी सकाळी बाटल्या इतक्या टणक झाल्या होत्या की एखादी पायावर पडली असती तर बोट मोडलं असतं. मी खूश! म्हटलं, जमलं.

डिकीत सहा बाटल्या, मागच्या सीटवर कुरडया, पुढे वैशाली, असे आम्ही निघालो. ऊन मी म्हणत होतं. मोशीच्या पुढे ट्रॅफिक जाम. आमच्या पुढे कंटेनर, मागे कंटेनर, पत्रा तापून लाल झालेला. आणि अचानक डिकीतून आवाज आला, "फटाक्!"

"टायर फुटला!" वैशाली किंचाळली.

मी गाडी कडेला घेतली. तेवढ्यात उन्हात उभा असलेला ट्रॅफिक हवालदार धावत आला. मी डिकी उघडली. चारही टायर ठणठणीत होते. एक बाटली मात्र फुटली होती आणि डिकीचं कार्पेट सरबतात न्हाऊन निघालं होतं. हवालदाराने आत डोकं घातलं, लांब श्वास घेतला आणि डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं.

"काय आहे हे?"

"सरबत. अननसाचं."

"तोंड उघडा."

मी उघडलं. त्याने जवळ येऊन वास घेतला. वैशालीने कपाळावर हात मारला.

"तुम्ही तर घेतलेली नाही," तो विचारात पडला.

"नाहीच ना!"

"मग गाडीने घेतलीय का?"

शेवटी त्याने हात जोडले आणि म्हणाला, "जा साहेब. पण हे कुणाला पाजू नका."

सरकारी माणसाने भर रस्त्यात इतकी स्पष्ट सूचना दिल्यावरही मला काही कळलं नाही. मी वैशालीला म्हणालो, "त्याने कधी घरचं सरबत प्यायलेलं नसणार बिचाऱ्याने."

मळ्यावर पोचलो तर सुभेदार, त्यांची बायको आणि प्राजक्ता आधीच आले होते. आंब्याखाली सतरंजी पसरलेली. सुभेदार ताठ बसलेले, मिशा त्याहून ताठ. नितीन इस्त्रीच्या शर्टात घामाने निथळत होता. अण्णा पांढऱ्याशुभ्र धोतरात गप्प. सगळे मिळून आंब्याच्या झाडाकडे बघत होते.

मग मी एंट्री घेतली. बर्फ घातला, ग्लास भरले. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पाव्हण्यांनी सोताच्या हातानं केलंय बरं का!"

अण्णा सकाळपासून उन्हात होते. त्यांनी ग्लास एका दमात संपवला. "ग्वाड हाय," म्हणाले. "गुळाचं न्हवं?" आणि ग्लास बाजूला ठेवून तांब्या पुढे केला. मी तांब्या भरला! वाढायच्या नादात मी स्वतः चाखलंही नाही, आणि वैशाली तर चुलीपाशी पुऱ्या तळत होती. सासूबाईंनी दोन ग्लास घेतले. प्राजक्ताला अननसाने तोंड येतं म्हणून तिने घेतलं नाही. नितीनच्या घशाखाली भीतीने काही उतरतच नव्हतं.

सुभेदारांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. ग्लास वर धरून उन्हात बघितला. माझ्याकडे बघितलं. दुसरा घोट डोळे मिटून घेतला. मग शेजारी बसलेल्या बायकोने पुढे केलेला हात हळूच बाजूला सारून म्हणाले, "तू घेऊ नको. तुला साखर चालत नाही."

"गुळाचं आहे ना!"

"गूळ तर अजिबातच नाही."

आणि त्यांनी तिचाही ग्लास स्वतःकडे ओढून घेतला. मला वाटलं, काय काळजी आहे बायकोची!

पंधरा-वीस मिनिटांत चमत्कार व्हायला लागला. अण्णा बोलायला लागले! आधी पावसावर बोलले, मग खताच्या भावावर, मग सरकारवर. वैशाली चुलीवरून पुऱ्या सोडून बघायला आली. तेवढ्यात अण्णा उठले, झोकांडी सावरत गोठ्यापर्यंत गेले आणि बैलाच्या गळ्यात पडले. "माझ्या राजा," म्हणाले, "तुला लई मारलं रं मी. माफ कर." सासूबाई तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. त्यांना विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "काय न्हाई. ह्यांचं धोतार बघा की!" धोतराला काहीही झालेलं नव्हतं.

वैशालीने मला दंडाला धरून विहिरीमागे नेलं. "अहो, ही दारू झालीय!"

"छे! प्रमाण असून असून किती असणार?"

"अण्णा बैलाची पापी घेतायत!"

तेव्हा कुठे मला तो हवालदार आठवला. आम्ही धावत परत येईपर्यंत अण्णा सुभेदारांच्या शेजारी मांडी घालून बसले होते आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होते, "सुभेदार, तुमी माझं भाऊ. भावाशी खोटं न्हाई बोलायचं. बायोडाटात नितीनचं वय तीस लिवलंय. चौतीस हाय त्यो!"

नितीन असा बसला होता की त्याला सतरंजीत गुंडाळून घेऊन जावं. सुभेदारांच्या बायकोच्या भुवया थेट पदराखाली गेल्या. वैशालीने माझ्या पाठीत चिमटा काढला. तो मला दोन दिवसांनी दुखला, तेव्हा काही जाणवलं नाही. एवढ्या मुश्किलीने जमलेलं स्थळ माझ्या सालींच्या पाण्यात बुडालं होतं!

सुभेदारांनी ग्लास खाली ठेवला. मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "अण्णा, भावाशी खोटं बोलायचं नाही ना? मग ऐका. आमच्या प्राजक्ताचं एम.कॉम. झालं असं लिहिलंय. झालेलं नाही. दोन विषय राहिलेत."

"बाबा!" प्राजक्ता ओरडली.

"आणि मी दारू सोडली असं सांगितलंय. सोडली होती. खरंच सोडली होती. आज बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत."

सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. मी आंब्याच्या झाडाकडे बघायला लागलो.

तेवढ्यात कुणीतरी हसलं. बघतो तर प्राजक्ता. ती नितीनला म्हणाली, "चौतीस? मला वाटलंच होतं. फोटोत केस जास्त होते." नितीन दिवसभरात पहिल्यांदा बोलला. "तुमचे दोन विषय कुठले?" ती म्हणाली, "अकाउंट्स आणि टॅक्स." तो म्हणाला, "अकाउंट्स मी शिकवतो. टॅक्समध्ये माझेही वांधेच आहेत." मग ती दोघं विहिरीकडे चालत गेली. पिण्याच्या बाबतीत त्या मळ्यात शुद्धीवर असलेली माणसं म्हणजे ती दोघं, सुभेदारांची बायको, वैशाली आणि मी. त्यातही लग्नाचं बघणारी दोघंच.

आमरस चार वाजता जेवलो. अण्णांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि सतरंजीवरच झोपले. निघताना सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता कानफटात बसते. पण ते हळूच म्हणाले, "जावईबापू, बाटल्या शिल्लक असतील ना? तेवढ्या ओतून टाका. माझ्यासमोर ओता. नाहीतर माझ्या गाडीत येतील." मी त्या बांधावर ओतल्या. सुभेदार सावधान उभं राहून शेवटच्या थेंबापर्यंत बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. फोनवर अण्णा! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"पाव्हणं, काल त्या सरबतात काय हुतं?"

लपवावं असं फार वाटलं. ऊन लागलं म्हणावं, अननस बाधला म्हणावं. पण त्या माणसाने आयुष्यभर जपलेली गोष्ट मी एका तांब्यात घालवली होती. मी सगळं सांगितलं, अगदी यीस्टच्या दोन चमच्यांपासून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अण्णा, माझी चूक झाली. माळेचं काय करायचं, तुम्ही सांगाल ते..."

"आमच्या महाराजांना सकाळीच इचारून आलोय," अण्णा म्हणाले. "म्हनले, न कळत झालं, त्याला दोष न्हाई. एक दिस उपास करा. मी केला सुरू."

"मीही करतो, अण्णा!"

"तुमी सात करा."

मी सात केले. प्रत्येक उपासाला वैशालीने मला पन्हं दिलं आणि विचारलं, "कसं झालंय?" मी प्रत्येक वेळी उभा राहून म्हणालो, "फारच छान."

नितीन-प्राजक्ताचं लग्न दिवाळीनंतर थाटात झालं. पत्रिकेत वय छापायची पद्धत नाही, नाहीतर अण्णांनी तेही खरं छापलं असतं. लग्नात घरच्या प्रत्येकाकडे काही ना काही जबाबदारी होती. मोठा जावई म्हणून मलाही मानाचं काम मिळालं, पाहुण्यांना पाणी देण्याचं. जार सगळे सीलबंद होते. आणि सील फोडायला अण्णांनी दुसरा माणूस नेमला होता.