पुढची वर्षं पाहून आल्यावर

लेक कॉम्प्युटरवर एक जुना खेळ खेळत होती. त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आपण 'बाजारात जा' असं लिहिलं की पुढं कित्येक वर्षांनी तो बाजार कसा असेल ते खेळ लिहून दाखवतो. मी शेजारी भाकरी थापत होते.

"फिरून झालं की काय करायचं?" मी विचारलं.

"परत यायचं आणि मोठ्या साहेबांना सांगायचं काय पाहिलं ते. मग ते शहराचं ठरवतात."

माझा हात थांबला. आमची चाळ पाडून टॉवर होणार आहे, उद्या ह्यांनी बिल्डरला होकार द्यायचा आहे. माझी बहीण मंदा तशाच टॉवरमध्ये राहते. मी तिच्याकडे राहून आले. सगळी दारं बंद. मंदा दिवसभर खिडकीशी बसते. म्हणजे पुढची वर्षं मीही पाहून आले होते, आणि कुणाला बोलले नव्हते.

जेवताना ह्यांना म्हटलं, "मंदाकडं विरजण मागायला शेजार नाही."

"दुकानात दही मिळतं की," हे म्हणाले.

दही मिळतं, ते खरंच होतं. खिडकीशी बसणाऱ्या मंदाचं सांगायचं राहूनच गेलं. मी ताटं उचलून मोरीत गेले.