डाव्या बाजूचा सायलेन्सर

माझ्या दुकानात दिवसभर ग्राइंडर ओरडत असतो. हे तिथं मोठ्यानं बोललो असतो तरी शेजारच्या माणसाला ऐकू गेलं नसतं. तरी बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवीसमोर हात जोडतानाही नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही—म्हणून जमतंय बहुतेक.

कोल्हापुरात, उद्यमनगरला माझं सायलेन्सरचं दुकान आहे. गाडीच्या धुराची नळी आणि तिच्यावरचा आवाज गिळणारा डबा, यातच माझी उमर गेली. पोरं येतात, मोटारसायकलला 'जरा दणका' पाहिजे म्हणतात. पोलीस ते डबे काढून घेऊन रोडरोलरखाली घालतात, आणि पोरं पुन्हा माझ्याकडेच येतात. सांगायचं काय, तर आवाज हा विषय मला कळतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं तुम्हाला वाटायला नको.

परवा एकानं विचारलं. त्यानं जुन्या स्पोर्ट्स कारची नक्कल बांधायला घेतली आहे—वरून विलायती गाडीसारखी फायबरची बॉडी, आत साधं इंजिन. असल्या गाडीला भारीतला सायलेन्सर बसवण्यात काही अर्थ आहे का? सोपा प्रश्न आहे. वेगासाठी बसवणार असाल तर नका बसवू. लहान इंजिनाला मोठी नळी लावली की ताकद वाढत नाही, उलट चढाला गाडी धापा टाकते. पण आवाजासाठी बसवणार असाल, आणि करणारा माणूस नीट असेल, तर जरूर बसवा. गाडी दिसते तशी वाजली की तिच्यात जीव येतो. करणारा माणूस नीट असेल तर—हे बोललो आणि हातातला पाना खाली ठेवला. कारण हाच प्रश्न मला पूर्वी दिनकरनं विचारला होता.

दिनकर माझा आयटीआयपासूनचा मित्र. तो फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहे. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो करणारा. आयटीआयत असताना आम्ही एका मासिकातून विलायती गाडीचं चित्र फाडून ठेवलं होतं. उघडी, दोन माणसांची, लांब नाकाची. दोघं मिळून अशी गाडी करायची, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे काय—त्या वयात काय काय ठरतं! मी दुकान काढलं आणि विसरलो. तो विसरला नाही. चाळिशी उलटल्यावर त्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बांधायला घेतली. चासी आणि इंजिन एका जुन्या मोटारीचं. इंजिन त्यानं स्वतः उघडून, घासूनपुसून पुन्हा बांधलं. बॉडीचे साचेही स्वतःच केले. अगदी पहिल्या दिवशी त्यानं मला बोलावलं होतं. मी म्हणालो, वेळ नाही.

मग मला त्रास कशाचा झाला? त्या गाडीचा? बरेच दिवस मीही स्वतःला तेच सांगत होतो.

एका दुपारी मी त्या शेडमध्ये गेलो. दिनकरची बायको, मालनवहिनी, पदर खोचून बॉडीला पाण्यानं पॉलिशपेपर घासत होत्या. हात कोपरापर्यंत पांढऱ्या रबडीनं भरलेले. दिनकर पलीकडून घासत होता. दोघं बोलत नव्हते. मध्येच त्यांनी तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "हितं खड्डा हाय अजून." दिनकरनं येऊन तिथं बोट फिरवलं. खड्डा होता. बस्, एवढंच. मला बघून त्या हसल्या. "भाऊजी, या की. चा ठेवते." तिघांनी पायरीवर बसून चहा घेतला, आणि तेवढा वेळ मी त्या दोघांच्या पांढऱ्या हातांकडेच बघत होतो.

माझी बायको चांगली आहे, तिच्याबद्दल गैरसमज नको. पण लग्न झाल्यापासून ती दुकानाचा उंबरा ओलांडून आत आलेली नाही. मी कधी बोलावलंही नाही, हेही खरं. आणि हा दिनकर—गबाळा, शर्टाला कायम सरस लागलेला, चार माणसांत धड बोलता न येणारा—ह्याच्या नशिबात हे कसं? बारक्याशा खड्ड्यावर नवराबायकोचे हात एकत्र. मला ते हवं होतं. मला मिळालं नव्हतं, म्हणून त्यालाही मिळायला नको होतं. आपल्या मनात असलं काही येतंय हे कळल्यावर माणसानं उठून जावं, नाही का? मी अजून एक कप चहा मागितला.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा दिनकर दुकानात आला. गाडी चालू झाली होती, पण नळी जुन्या मोटारीचीच, बारकी.

"दिसती वाघिणीगत आन् वाजती रिक्षागत," तो म्हणाला. "सायलेन्सर बदलून काय फायदा हाय का रं? का उगंच खुळ्याचा बाजार?"

मग जरा लाजत त्यानं खरं कारण सांगितलं. दसऱ्याला बायकोला घेऊन तिच्या माहेरी, गडहिंग्लजला, सोनं द्यायला जायचं होतं. तिचे भाऊ त्या गाडीला 'दाजींचं खेळणं' म्हणायचे, आणि ती दर वेळी त्यांच्याशी भांडायची. या खेपेला आपट्याची पानं घेऊन तिला त्यांच्या दारात त्याच गाडीतून उतरायचं होतं. हे सांगताना त्याचा चेहरा एवढा उजळला होता की मला तो बघवेना.

मी म्हणालो, फायदा आहे. माझ्यावर सोड.

आता काय केलं ते सांगतो—सांगायलाच बसलोय. सायलेन्सरच्या डब्यात भोकं पाडलेली नळी असते आणि तिच्याभोवती काचेची लोकर ठासून भरलेली असते. आवाजातलं जे काही टोचणारं, ते ती लोकर पिते. मी डबा आखूड केला आणि लोकर नावाला घातली. असला डबा उभ्या गाडीला झकास वाजतो, खर्जात, भरदार. पण रस्त्यावर एका ठरावीक वेगाला तो घुमायला लागतो. रिकाम्या टाकीत तोंड घालून कुणी एकच सूर धरून बसावं, तसं. थोड्या वेळात कपाळ ठणकायला लागतं. कुठल्या वेगाला घुमणार हे डब्याच्या मापावर असतं, आणि दिनकर हायवेला कुठल्या चालीनं गाडी चालवतो ते मला पक्कं ठाऊक होतं.

असं चुकूनही होतं. नवख्यांच्या हातून तर होतंच. इथं थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, हुकलं बिचाऱ्याचं माप. पण नळी सरळ मागं काढायची, ती मी डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या पुढं काढली. डबा डाव्या सीटच्या बरोबर खाली आणला. विलायती गाड्यांना अशीच असते, ऐट दिसते, असं दिनकरला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. डाव्या सीटवर कोण बसणार आहे ते मला माहीत होतं. मला दिनकरचे कान नको होते. मला वहिनींचे हवे होते. त्या बाईनं त्या गाडीत त्याच्या शेजारी बसायला नको होतं मला—हे, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

अजून एक आहे. काम मी मुद्दाम खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत लांबवलं. खंडेनवमीला उद्यमनगरात यंत्रं बंद असतात. धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून त्यांना विसावा देतात. दिनकर त्या बाबतीत कडक, तो त्या दिवशी गाडी रस्त्यावर काढणार नाही, म्हणजे चालवून बघणार नाही. त्या आदल्या संध्याकाळी दुकानापुढं उभ्या गाडीचा आवाज ऐकायला सगळी आळी जमली. वहिनी आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या हातात जादू हाय बघा." दिनकरनं मला मिठी मारली. मी पण मारली की. मग गल्लीबोळातनं हळूहळू त्यांनी गाडी घरी नेली, आणि त्या चालीला डबा घुमत नाही.

दसऱ्याचं मला दिनकरनंच सांगितलं. हायवेला लागल्यावर थोड्या वेळातच वहिनींनी कानावर हात ठेवले. त्याला वाटलं, होईल सवय. कागलला त्या म्हणाल्या, थांबवा, डोकं फुटतंय. उतरल्या, आपट्याच्या पानांची पिशवी घेतली आणि एसटीत जाऊन बसल्या. आणि हा त्या एसटीच्या मागं मागं—नवी कोरी गाडी, झेंडूची माळ, शेजारची सीट रिकामी—गडहिंग्लजपर्यंत. भाऊ दारातच उभे होते. "ताई एसटीनं आन् दाजी खेळण्यातनं," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत आणि दिनकरच्या बाजूनं भांडल्याही नाहीत.

तो माझ्याकडे आला, काय करता येईल विचारायला. काय करता येईल? डबा काढायचा, लांब करायचा, लोकर भरायची, नळी मागं वळवायची. दुपारचं जेवण व्हायच्या आत झालं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नक्कल ती नक्कलच रं दिनकर. आवाज येणारच. आन् खरं सांगू? वहिनींच्या मनातच न्हाय ती गाडी. मनात असतं तर एवढं सोसलं असतं की."

हे त्यानं घरी जाऊन जसंच्या तसं वहिनींना ऐकवलं. ज्या बाईनं ती बॉडी हातानं घासली, तिला. त्यानंतर वहिनी शेडमध्ये गेल्या नाहीत. तोही कमी जायला लागला. गाडीवर ताडपत्री पडली. घरात टोमणे सुरू झाले, मग टोमणेही बंद झाले. शेवटी त्यानं गाडी कागलच्या एका माणसाला विकून टाकली. विकली त्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन नुसता बसला होता. मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतंय? मला बरं वाटलं. त्या रात्री जेवण गोड लागलं.

पुढं तो कागलचा माणूस गाडी घेऊन माझ्याच दारात आला. "पावणं, गाडी झ्याक हाय, पर घुमती लई. बघा की जरा." मी सगळं नीट केलं. खरोखर नीट केलं, आजवर एवढं मन लावून मी कुठलं काम केलं नसेल. त्याच्या शेजारी कोण बसतं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं ना. मग गाडी हायवेला नेऊन बघितली. सुरेख वाजत होती.

गेल्या महिन्यात दिनकर दुकानात आला. तो आणि वहिनी संध्याकाळी स्कूटरवरून कळंबा तलावाला गेले होते. तिथं ती गाडी त्यांच्या शेजारून गेली. रंग बदलला होता, तरी वहिनींनी ओळखली.

"बघतच उभारली रं," दिनकर म्हणाला. "म्हणाली, अशी वाजत असती तर गडहिंग्लजच काय, पार बेळगावपर्यंत आले असते मी. म्हंजे तिला गाडी नको नव्हती. मीच तिला टोचून खाल्लं एवढी वर्षं."

मग त्यानं मला विचारलं, त्या माणसानं काय केलं असेल रे?

"इंजिन बदललं असंल," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. त्याला पटलं. इंजिन तेच आहे, त्यानं बांधलेलं.