माऊंट हाय का?

आले की हेल्मेट सर्व्हरच्या डोक्यावर ठेवायचं, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचा आणि विचारायचं, "माऊंट हाय का?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एक नग असेलच. आमचा नग म्हणजे काका, सगळ्या कारखान्याचेच काका; भिसेगावहून स्कूटरवर साजगावला यायचे. आमचा रंगांचा कारखाना, मी लॅबची रेकॉर्डं सांभाळणारा. सगळ्या तपासण्यांची नोंद एका लिनक्स सर्व्हरवर, आणि त्याची देखभाल कंत्राटावर काकांकडे. माऊंट म्हणजे काय, हे त्यांनी मला पन्नासदा समजावलं. डिस्क नुसती खुपसून भागत नाही, तिचा दिवा लागला तरी भागत नाही. "ही तुझी जागा, इथं बस" असा हुकूम द्यावा लागतो. मी पन्नासदा मान डोलावली आणि बाहेर येऊन त्यांचं नाव 'माथेरान' ठेवलं. माऊंट म्हणजे डोंगर, आणि आमच्याकडे डोंगर म्हटलं की माथेरानच. नाव कारखानाभर झालं.

बरं, सवय सर्व्हरपुरती असती तर गोष्ट वेगळी. डबा भरताना "झाकण माऊंट हाय का?" लॅबमधल्या मावशींच्या मुलीला स्थळ आलं, सगळे फोटो बघून वा वा करतायत, तर हे म्हणाले, "पोरगा दिसतोय बरा. पण नोकरीत माऊंट हाय का?" मावशी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

माऊसला हात लावायचे नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं, टाइप करायला दोन बोटं. वर मशिनशी गप्पा. "काय गं, काय होतंय तुला? बोल." आम्ही दाराआड हसून लोळायचो. साहेब वैतागून म्हणायचे, "अहो, बंद करून चालू करा ना!" हे वळूनही बघायचे नाहीत. "बंद केलीत तर ती इसरंल ना, काय दुखत होतं ते."

एकदा लॅबचं नेटवर्क रोज दुपारी एकला जायला लागलं. काका एकला स्टूल घेऊन कोपऱ्यात बसले. मावशी आल्या, नेटवर्कच्या डब्याची पिन काढली आणि तिथं जेवण गरम करायची शेगडी लावली. काका स्टूल उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणून मावशींना दिला आणि साहेबांना सांगितलं, "पोर्ट सैल होतं."

"काका, चक्क खोटं?" मी म्हटलं.

"सायबांना पोर्ट कळतं रं. भूक नाय कळत."

यावरही मी कॅन्टीनमध्ये नक्कल करून दाखवली होती. नक्कल मला चांगली जमते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे पाना-हातोड्यापासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरचंही काहीतरी ठेवा. सर्व्हर कोण उचलणार? मी बॅकअपची बाहेरची डिस्क उपटली आणि पाटावर ठेवली. मावशींनी तिला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. आरती झाल्यावर मी डिस्क जागेवर खुपसली. दिवा लागला. मी हात जोडले आणि पेढा खाल्ला. पन्नासदा मान डोलावलेला माणूस हा!

दिवाळीनंतर एका सकाळी सर्व्हरनं मान टाकली. तपासणीचा दाखला छापेना, आणि दाखल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. टेंपोंची रांग थेट रस्त्यापर्यंत. साहेबांना तसंही काकांचं काम शहरातल्या एका कंपनीला द्यायचं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याच्या चुकीनं हे झालं, तो उद्यापासून इथं दिसणार नाही." माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

काका कोंडाण्याला मेव्हण्याच्या खळ्यावर होते, तिथून तसेच आले. केसांत पेंढा. हेल्मेट, चष्मा, आणि डिस्क माऊंट नाही हे बघून आधी ती माऊंट केली. तिथंच घोटाळा झाला. मशीन म्हणे जागा भरली, आणि शोधलं तर भरण्यासारखं काही सापडेना. दोन तास गेले. "खाल्लंस तरी काय गं?" मग एकदम कपाळावर हात मारला. "आरं, सांडलेल्या भातावर मीच पाट ठेवला की!"

झालं होतं असं, की डिस्क जागेवर नव्हती, म्हणून मशीन रोजचा बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या कप्प्यात, स्वतःच्याच पोटात कोंबत राहिलं. त्यावर डिस्क माऊंट झाल्यावर तो ढीग झाकला गेला. काकांनी पाट उचलला, ढीग उपसला. टेंपो सुटले.

मी निघणार, तेवढ्यात त्यांनी पडद्यावर जुन्या नोंदी काढल्या. डिस्क कधी उपटली, त्याची तारीख, वेळ. खंडेनवमी, सकाळचे अकरा चाळीस. त्यांनी डिस्क हातात घेऊन फिरवली. कुंकू तसंच होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

साहेब दारात आले. "कुणाची चूक?"

काकांनी खिशातून कागदी चिकटपट्टी काढली, डिस्कवरच्या कुंकवावर नीट दाबून बसवली, त्यावर पेनानं लिहिलं, 'माऊंट हाय का?' आणि म्हणाले, "माझी. सुट्टीनंतर बघायचं राहून गेलं."

मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं.

स्कूटरपर्यंत मात्र गेलो. "काका, ती डिस्क..."

"म्हाईत हाय रं. डबा खाल्लास का?"

आता मी कायम आहे. काकांच्या जागी आलेल्या नव्या कंपनीला फोन केला की आधी तक्रार क्रमांक मिळतो, मग एक गोड आवाज सांगतो, बंद करून चालू करा. रोज मी भिसेगावावरूनच जातो-येतो. काकांच्या घरी एकदाही गेलेलो नाही.

यंदा खंडेनवमीला पाटावर ठेवायला मी तीच जुनी डिस्क ड्रॉवरमधून काढली. डिंक वाळला होता, पट्टी हातात आली. मावशी कुंकवाचं बोट घेऊन पुढे आल्या आणि थांबल्या.

"ह्ये तर माझंच कुंकू. त्या वर्षीचं." मग माझ्या हातातली पट्टी वाचून, "म्हंजे काकांचं काम गेलं ते ह्याच डिस्कपायी. आन् ती पूजेला तू काढली होतीस. त्यांनी नाय."

मी पंख्याकडे बघितलं.

"आन् त्यांना जाऊ दिलंस?"

मी पट्टी परत दाबून बसवत होतो. ती काही बसेना.