मामाचा आवाज

लग्नांचं शूटिंग करायचा म्हणून सगळे त्याला 'शूटिंगवाला' म्हणत. त्याची आई एकोणिसाव्या वर्षी तिबेटमधून डोंगर ओलांडून भारतात पळून आलेली. तेव्हापासून ती एका कारखान्यात स्वेटरच्या बाह्या जोडत होती. हा जन्मला इथेच, पण कागदावर निर्वासितच.

दुसऱ्यांची लग्नं टिपून टिपून त्याला वीट आला होता. एक दिवस तो आईला म्हणाला, "तू कशी आलीस ते सांग. मी फिल्म करतो."

"म्हातारीचं रडगाणं कोण बघणार?"

"जग बघेल."

दोन वर्षं दर सुट्टीला तो तिला खिडकीपाशी बसवून बोलतं करत राहिला. वाटेत गोठून गेलेल्या मैत्रिणीबद्दलही ती बोलली. पण धाकट्या भावाचा विषय निघाला की गप्प. तो तिकडेच राहिला होता. महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा. चिनी सरकारचं कोण ऐकत असेल याचा नेम नाही, म्हणून बहीणभाऊ हवापाण्यापलीकडे अवाक्षर काढत नसत.

एकदा मात्र शूटिंगच्या मधेच फोन आला, आईनं तो स्पीकरवर घेतला, आणि मामाचा बांध फुटला. "ताई, आई गेली. शेवटपर्यंत तुझी वाट बघत होती. त्यांनी तुला येऊ दिलं नाही गं!"

कॅमेरा चालूच होता.

"हे फिल्ममध्ये नको," आईनं बजावलं.

"अगं, नाव कुठंय त्यात? चेहरा कुठंय?"

"आवाज माणसाचाच असतो ना?"

त्यानं मान डोलावली. पण त्या अकरा सेकंदांवाचून फिल्म त्याला निर्जीव वाटू लागली. त्यानं ते सेकंद ठेवले.

फिल्म लागली तेव्हा सभागृह उभं राहिलं. लोक आईला मिठ्या मारत होते. ती एवढंच म्हणाली, "घरी चल." कुणीतरी मामाच्या आवाजाचा तेवढाच तुकडा कापून मोबाईलवर फिरवला. बघता बघता तो लाखोंपर्यंत गेला.

पुढच्या महिन्यात फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग गावातून निसटलेल्या एका शेजाऱ्याचा निरोप आला: पोलिसांनी मामाला बोलावून तो तुकडा ऐकवला, आणि घेऊन गेले. कुठे, ते कुणालाच माहीत नाही.

शूटिंगवाल्यानं फिल्म काढून टाकली, हातापाया पडून लोकांना तुकडा पुसायला सांगितला. ज्यांनी पुसला त्यांच्यापेक्षा पुढे पाठवणारेच जास्त.

आई ओरडली नाही. "मी पळून आले तेव्हासुद्धा त्याच्या केसाला धक्का लागला नव्हता रे," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती त्याला जेवायला वाढते, पण शेजारी बसत नाही.

परवा कॉलेजची एक मुलगी कॅमेरा घेऊन दारात आली. "आजी, तिकडे तुमचं कोण कोण आहे?"

"कुणी नाही," आई म्हणाली.

शूटिंगवाला मागेच उभा होता.