छत्री जरा माहेराकडं

"जरासं माझ्या माहेराकडं सरकवा!"

अंगणातनं ती ओरडली आणि मी गच्चीवर टीव्हीची छत्री वडीगोद्रीकडं ढकलली. तिचं माहेर वडीगोद्रीचं. आमच्या गावावरनं वडीगोद्री दक्षिणेला आणि घनसावंगी उगवतीला. या दोन्हीच्या मधी कुठंतरी छत्रीनं तोंड केलं की चित्र येतं. डावं-उजवं सांगायची तिला सवय न्हाई. दिशा म्हणजे गावं, आणि गावांत पहिलं माहेर.

"लई झालं! माहेरात घुसू नका, वेशीवर थांबा. आता घनसावंगीकडं केसभर. केसभर म्हणलं, वावभर न्हाई! बस्स, हात काढा."

मी हात काढला. चित्र थांबलं. तिनं खालनंच जाहीर केलं, "माझ्या बापाच्या गावाकडं तोंड केल्याबिगर तुमच्या घरात उजेड पडत न्हाई."

माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं हे शेवटचं काम. तुम्हाला वाटंल, शेवटचं म्हणजे काही देवाधर्माचं असंल. कशाचं आलंय. म्हातारा वर, म्हातारी खाली, मधी एक शिडी आणि शिव्या.

आता छत्री हलली कशानं, तर हिनं धुतली म्हणून. दसरा काढायचा म्हणजे घटाच्या आधी घरातली वस्तू न वस्तू धुवायची, हे तुमच्याबी घरात असंल. वाकळा, डबे, पराती, खाटेचे पायसुद्धा. पण टीव्हीची छत्री घासणारी बाई साऱ्या जालना जिल्ह्यात मला एकच गावली, आणि ती माझ्याच वाट्याला आली.

"सगळ्या घरानं आंघोळ करायची आणि हिनंच काय पारोसं बसायचं?" असं तिचं म्हणणं.

पहिल्या वर्षी तिनं ती राखेनं घासली. मेकॅनिक आला, चकाकणारी छत्री पाहून त्यानं हात जोडले. "मावशी, हिला फकस्त जागेवर राहू द्या. घासू नका."

"तुझ्या घरची नको घासू तू."

त्यानं नट पान्ह्यानं आवळला. तो फाटकाबाहेर गेला की हिनं मला वर चढवून नट सैल करायला लावला. "पुढच्या दसऱ्याला काढायचीय मला. हातानं निघंल एवढाच ठेवा." मंग काय, वारं सुटलं की मी शिडीवर. वानर बसलं की मी शिडीवर. आमच्या संसारात वानराला जेवढी मोकळीक होती तेवढी मला नव्हती.

ही छत्री फुकटातली. एकदा छत्री आणि सेट-टॉपचा डबा आणायचा, पुढं महिन्याचा रिचार्ज न्हाई. त्याच्या आधी आमच्याकडं कंपनीची छत्री होती. तिचा रिचार्ज आमचं पोरगं पुण्यावरनं फोनवर करायचं. पोरगं लई गुणी. आईला कधी विसरलं न्हाई, फक्त रिचार्ज विसरायचं. मालिकेतली सासू कपाटाला हात घालणार, तेवढ्यात पडदा निळा. मंग हिनं फोन लावायचा. सून उचलायची, "ते मीटिंगमध्ये आहेत, आई." त्याची मीटिंग आणि आमचा निळा पडदा बराबर एकाच वक्ताला यायचा. असला मेळ पंचांगालाबी जमत न्हाई.

एकदा असाच फोन ठेवून तिनं निळा पडदा बंद केला. मंग म्हणली, "पोराला जेवाया मागावं. हसाया मागू न्हाई."

दुसऱ्या दिवशी एसटीनं अंबडला गेली आणि डबा मांडीवर घेऊन आली, नवरीला आणल्यासारखी.

कंपनीच्या छत्रीत शेकड्यानं चॅनल, पाहायचो आम्ही दोन. फुकटाच्या छत्रीत जुन्या मालिका, भजनं, खताचे सल्ले आणि गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. ती जाहिरात इतक्या वेळा लागायची, की निम्मा गुडघा पाहूनच बरा व्हायला पाह्यजे होता. आमच्या गल्लीतली पाटलीण एकदा नाक मुरडून म्हणली, "फुकटचं लावलं का गं?" ही म्हणली, "ऊन फुकट, वारा फुकट. ते बंद करून बसता का तुमी?"

कंपनीची जुनी छत्री हिनं गच्चीवर उताणी टाकली आणि तिच्यात कुरडया वाळवायला घेतल्या. एक दिवस कंपनीतनं पोरीचा फोन आला. आवाज साखरेत बुडवलेला. रिचार्ज का करत न्हाई, म्हणून इचारू लागली.

"बाई, तुझ्या छत्रीत कुरडया घातल्यात," ही म्हणली. "वाळू दे, मंग बघू."

फोन पुन्हा आला न्हाई. कुरडया मात्र झकास झाल्या.

तर त्या दिवशी छत्री लावली, सांजच्याला मालिका पाहिली. आधी सगळी पाहिलेली मालिका, तरी ही पडद्यातल्या सुनेला दम देऊन राह्यली होती, "नको उघडू ते कपाट, कितीदा सांगू तुला!" मी म्हणलं, "तिला ऐकू येतंय का?" ती म्हणली, "तुमाला तरी कुठं येतंय?"

सकाळी चहाची हाक आली न्हाई. मी चिडूनच उठलो. धुतलेली वाकळ तिनं गळ्यापर्यंत घेतली होती. वाकळीला अजून उन्हाचा वास होता. तिला हलवलं, आणि मंग पुन्हा हलवायची छाती झाली न्हाई.

त्या साली आमच्या घरी घट बसले न्हाईत. माणसं मात्र बसली. येणारा प्रत्येक जण चहा पिऊन म्हणायचा, "सोन्यासारखं मरण आलं." एकालाबी आपल्या घरी तसलं सोनं नको होतं. कोण्यातरी पाहुणीनं सुतकाची धुणी वाळत घालताना ओली वाकळ छत्रीवर टाकली आणि छत्री मान टाकून बसली.

तेरवीच्या संध्याकाळी पोरगं माझ्याजवळ आलं.

"बाबा, घर बंद करू. चला पुण्याला. तिथं भिंतीएवढा टीव्ही आहे."

"त्याचा रिचार्ज कोण करतं?"

"मीच की."

"मंग राहू दे."

त्याला राग आला. खरं म्हणजे रडू आलं असंल, पण शिकलेल्या पोरांना राग लवकर सापडतो. "इथं एकटे काय करताल? साधी छत्री तरी लावता येते का तुम्हाला? ती बी आई खालनं सांगायची तवा लागायची."

शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीव्ही लावला. पडद्यावर काही नव्हतं. आवाज मात्र होता तेवढा सगळा वाढवून ठेवला, पान्हा खिशात टाकला आणि शिडी चढलो. छत्री धरली. माहेराकडं सरकवली. काही न्हाई. अजून सरकवली. मंग आठवलं, वेशीवर थांबायचं. मागं घेतली. घनसावंगीकडं केसभर.

खालनं एकदम गुडघ्याच्या तेलाची जाहिरात ओरडू लागली. गल्लीतली कुत्री उठली. पोरगं डोळे चोळत अंगणात आलं आणि बराबर तिच्या जागी उभं राहून वर पाहू लागलं. घरात गेलं, बाहेर आलं.

"बाबा, चित्र हालतंय. थोडं उजवीकडं घ्या."

मी ऐकलं न्हाई. हात काढला. चित्र थांबलं असावं, कारण पोरगं गप झालं.

खांद्यावरच्या पंच्यानं छत्री पुसली. वाकळीचे दोरे चिकटले होते, ते काढले. मंग खिशातला पान्हा घेतला, आणि तिनं कधी आवळू दिला न्हाई तो नट कचकचून आवळला.