खार वारल्याचा अर्ज

तळवलीच्या बामाकाकीने मला वाचवलं, हे आधी सांगून टाकतो. कशातून वाचवलं, ते सांगायला जरा लाज वाटते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. सातवीतून शाळा सोडून मी साताऱ्याकडून इथे रस्त्याच्या कामावर आलो होतो. नाथाकाका आणि बामाकाकींच्या पडवीत राहायचो, त्यांच्याच घरी जेवायचो. घरात लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून अर्ज-पत्रं माझ्याकडे.

त्या वर्षी खाडीचे फुटलेले बांध दुरुस्त करायला सरकार अनुदान देणार होतं. काका म्हणाले, "लिव रं. उधानाच्या पान्यानं आमची खार फुटली. सगली बुडाली. तिच्यावरच घर चालतं. पावसाआधी मदत नाय मिलाली तं लावनी गेली."

इथे खार म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेलं भातशेत, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा मला एकच खार ठाऊक होती : झुपकेदार शेपटीची, शेंगा पळवणारी. ती फुटली कशी? (पाणी पिऊन फुगली असेल.) तिच्यावर घर कसं चालतं? पण ज्यांचं रोज खातो त्यांना काय विचारायचं? माकडावर पोट भरणारे असतात, हे खारीवर भरत असतील. मी मान डोलावली आणि दुःखाच्या भरात पदरचंही घातलं : "आमची एकुलती एक गुणी खार समुद्राच्या पाण्यात बुडून, पोट फुटून वारली. तरी दुसरी मिळावी." काकांनी विश्वासाने खाली अंगठा उठवला.

महिन्याभराने साहेब आले. जनावरांच्या खात्याचे.

"मयत खार दाखवा."

"चला," म्हणत काकी बांधावरून पुढे निघाली. मागे साहेब, काका आणि सगळ्यात मागे मी. शेतात उतरताच साहेब गुडघाभर चिखलात रुतले.

"बाई, खार कुठाय?"

"तिच्यातच उभं हाव तुमी."

साहेबांनी दचकून पाय उचलला. चप्पल आतच राहिली.

"इथं लिहिलंय, गुणी होती."

"गुनी हायच. दोन खंडी भात देते."

"खार?"

मग साहेबांनी सगळा अर्ज मोठ्याने वाचला. 'पोट फुटून'पाशी काका माझ्याकडे वळले. "ह्ये कोनी लिवलं?" मी मनातल्या मनात वळकटी बांधली.

"मी बोल्ली तसं त्यानं लिवलं," काकी शांतपणे म्हणाली. "शेत बुडालं म्हटलं तं कोन हलतं? जनावर मेलं म्हटल्यावर साहेब आले का नाय चिखलात?"

साहेब खो-खो हसले. तिथेच बांधावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी बांधाच्या खात्याला चिठ्ठी लिहिली. पावसाआधी बांध उभा राहिला, लावणी झाली.

परतताना काकीने हळूच विचारलं, "खरं सांग, तुला वाटलं तरी काय?" मी सांगितलं. ती हसून हसून बांधावर बसली.

"काकी, हे उपकार मी कधीतरी फेडीन."

"फेड रं. पन तोंडी फेड. लिवून नको."

फेडणार आहे, नक्की. तोवर हे लिहिलेलं कुणी तिला वाचून दाखवू नये, एवढीच विनंती.